मदत हवी आहे : होस्टेलचा कॅरम पावसाळ्यात मधोमध बसलाय

कॉमन रूममधला बोर्ड, खेळायची जागा 74 बाय 74 सेंमी, प्लाय 8 मिमी. पाऊस सुरू झाल्यापासून स्ट्रायकर मधोमध रेंगाळतो आणि हळू मारलेली सोंगटी सरळ न जाता वर्तुळाकडे वळते.

स्टँड स्पिरिट लेव्हलने तपासला, सपाट आहे. स्टीलची पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात उभी धरून मागून टॉर्च मारला, तर मध्ये साधारण 2 मिमी फट दिसते. म्हणजे दोष पावडरचा नाही, प्लायचाच. बोर्डाखाली आधाराला असलेल्या आडव्या पट्टीचा एक स्क्रू ढिला आहे आणि पट्टी प्लायला टेकत नाही.

बोरिक पावडर चिमूटभरच टाकतो. दमट हवेत जास्त झाली की गोळे होतात. टाल्कम नको, त्याने पृष्ठभाग चिकट होतो (तरी कुणीतरी रात्री टाकतंच!).

पट्टी आणि प्लायच्या मध्ये पातळ पॅकिंग सारून स्क्रू आवळला तर चालेल का? पॅकिंग कशाचं, पुठ्ठ्याचं की सनमायकाचं? पुठ्ठा ओल धरेल असं वाटतं. की आधी बोर्ड उलटा ठेवून वजन द्यावं? पॉलिश पेपर मारा असं सांगू नका, रेघा आणि पॉलिश दोन्ही जातील. आंतरवर्गीय स्पर्धा तोंडावर आहे.