मदत हवी आहे : कंपनीच्या कार लीजमध्ये ईव्ही कुणी घेतच नाही

मानसी_एचआर | १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:१४

चाकणला आमची कंपनी आहे, मी एचआरमध्ये. वरून आदेश आलाय की पुढच्या वर्षी लीजवर जाणाऱ्या गाड्यांपैकी निदान निम्म्या इलेक्ट्रिक हव्यात. मेल पाठवले, पोस्टर लावली, डीलरला बोलावून डेमो ठेवला. फोटो काढायला गर्दी, फॉर्म भरायला दोघंच, त्यातल्या एकाने परत काढून घेतला.

लीजिंगवाल्यांकडे लीजवरून परत आलेल्या तीन वर्षं जुन्या ईव्हीही आहेत, भाडं बरंच कमी. ज्युनियर लोक तरी त्या घेतील असं वाटलं होतं. तिथेही थंडच.

लोकांना कसं वळवायचं? सोमवारी मीटिंग आहे. कृपया "जागृती करा" सांगू नका, ते झालंय.

---

भोसरीचा_तात्या | १०:३१

ताई, गाड्या किती, मॉडेल कुठलं, प्लांटला चार्जर आहे का, लोक राहतात कुठे, भाडं कोण भरतं? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार कपाळ.

---

इलेक्ट्रॉन_पाटील | १०:४०

२०२१ पासून नेक्सॉन ईव्ही चालवतोय. एकच उपाय : गाडी आठवडाभर घरी न्यायला द्या. एकदा चालवली की माणूस पेट्रोलकडे बघत नाही. डेमोत पार्किंगला दोन चकरा मारून काय कळणार? आणि लोकांना सांगा की आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली दीड लाखाची वजावट मिळते.

---

सीए_होता_होता | १०:५२

पाटील, ती वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर होती. आणि लीजमध्ये कर्मचाऱ्याच्या नावावर कर्जच नसतं. पोस्टरवर छापलं असेल तर आजच उतरवा.

खरा फायदा जीएसटीत आहे. लीजच्या भाड्याला गाडीचाच दर लागतो. ईव्हीला ५ टक्के. पेट्रोलच्या छोट्या गाड्यांना २२ सप्टेंबरपासून १८, मोठ्यांना ४०. प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे तो आपल्या करातून वळता करणं) तुमच्या कंपनीला बहुधा मिळत नाही, म्हणजे हा फरक थेट खर्चातला आहे. फक्त आधी छोट्या पेट्रोल गाड्यांनाही २८ आणि वर सेस होता. ते अंतर कमी झालं. दिवाळीत सगळ्यांना पेट्रोल गाडी स्वस्त दिसली, त्याचा फटका तुमच्या फॉर्मनाही बसला असणार.

---

मानसी_एचआर | ११:२०

पोस्टरवर ८०ईईबी नाही. अठरा गाड्या बदलायच्या आहेत. प्लांटला दोन चार्जर, त्यातला एक सध्या बंद. लोक मोशी, वाकड, कोथरूड, थोडे तळेगावला. मॉडेल चार-पाच आहेत, त्याने काय फरक पडतो? गाडी चांगली आहे हे लोकांना मान्यच आहे हो. तरी घेत नाहीत, हा प्रश्न आहे.

---

वायरमन_दादा | ११:३५

सोसायटीत चार्जरला ना-हरकत मिळत नाही म्हणून घेत नाहीत. त्यातही भाड्याने राहणाऱ्याला मालक, सोसायटी, महावितरण अशा तीन दारांवर जावं लागतं. सांगून ठेवतो, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रोज रात्रभर गाडी लावायची असेल तर मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग पाहिजे. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर मंजूर भार आधी बघा. मी एका ठिकाणी गीझरच्याच लाइनवर गाडी लावलेली बघितलीय.

---

इलेक्ट्रॉन_पाटील | ११:४१

दादा, अर्थिंग कुणी विचारलं?

---

वायरमन_दादा | ११:४३

आग लागल्यावर सगळे विचारतात.

---

लीड्सकर | दुपारी १:०५

इथे इंग्लंडमध्ये सॅलरी सॅक्रिफाइसवर, म्हणजे कर कापायच्या आधीच पगारातला हिस्सा सोडून, ईव्ही घेतात. कंपनीच्या गाडीवरचा कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीवर असतो. ईव्हीला २०२५-२६ मध्ये ३ टक्के, भरपूर धूर सोडणाऱ्या गाडीला ३७ पर्यंत. जुन्या ईव्हीही या योजनेत मिळतात.

---

भोसरीचा_तात्या | १:१२

चाकणच्या तळेगाव चौकात ते ३ टक्के कुठे लावायचे, साहेब?

---

लीड्सकर | १:२०

हसा. मुद्दा एवढाच की इथे कुणी झाडांवरच्या प्रेमापोटी ईव्ही घेत नाही. पगाराच्या स्लिपवर फरक दिसतो म्हणून घेतात. मानसीताई, तुमच्याकडे ईव्ही घेणाऱ्याच्या हातात महिन्याला किती जास्त उरतात?

---

निवृत्त_आरटीओप्रेमी | १:३८

राज्याच्या २०२५ च्या धोरणात ई-कारना अटल सेतू, समृद्धी आणि पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी जाहीर झालीय. ३० लाखांवरच्या ईव्हीवर ६ टक्के कर लावणार होते, तोही मुख्यमंत्र्यांनी मागे घेतल्याचं सांगितलं. हे छापा पोस्टरवर.

---

भोसरीचा_तात्या | १:४४

मोशीहून चाकणला यायला अटल सेतू कुठून लागतो?

---

मानसी_एचआर | २:१०

@लीड्सकर, हातात जास्त उरण्याचा प्रश्न कुठे येतो? भाडं सीटीसीतून, म्हणजे कर्मचाऱ्याच्या एकूण पॅकेजमधून जातं, दोन्हीकडे सारखीच पद्धत. बाकी पेट्रोलची बिलं ग्रेडनुसार महिन्याला १२,००० पर्यंत कंपनी देते. ते काय सगळीकडेच असतं.

---

सीए_होता_होता | २:१४

थांबा. हे १२,००० सीटीसीच्या आत की वेगळे? बिल लावलं नाही तर पैसे पगारात मिळतात का? आणि ईव्हीवाल्याला काय देता?

---

मानसी_एचआर | २:२६

वेगळे. बिल नाही तर पैसे नाहीत. ईव्हीवाल्याला चार्जिंग स्टेशनची पावती असेल तर देतो. घरचं लाइट बिल अकाउंट्स घेत नाही, त्यात फ्रिज, एसी सगळंच असतं ना.

---

सीए_होता_होता | २:४०

मग पोस्टर लावून काय होणार! पेट्रोलवाला फुकट फिरतो आणि ईव्हीवाला घरची वीज स्वतःच्या खिशातून भरतो. समजा महिन्याला १,२०० किलोमीटर. युनिटला ७ किलोमीटर धरले तर १७० युनिट. घरच्या मीटरवर ते वरच्या स्लॅबमध्ये पडतात. १५ रुपयांनी धरा, अडीच हजारांच्या वर गेले. ईव्हीमुळे कंपनीचे दहा-बारा हजार वाचतात आणि कर्मचाऱ्याचे अडीच हजार जातात. बाहेरून सगळे सांगतात ईव्हीने पैसे वाचतात. वाचतात, पण तुमच्या मॅनेजमेंटचे.

घरच्या विजेसाठी महावितरणकडून ईव्हीचं वेगळं मीटर घेता येतं, ज्याला जमेल त्याने ते घ्यावं. नाही जमलं तर चार्जरच्या अॅपमध्ये महिन्याचे युनिट दिसतात, तो उतारा आणि लाइट बिल जोडून द्यायला सांगा. कर्मचाऱ्यावरचा कर नेहमीच्याच रीतीने : कामासाठी आणि खाजगी अशा दोन्ही वापराची गाडी असेल तर २०२५ च्या नियमात १.६ लिटरच्या इंजिनपर्यंत महिन्याला १,८०० आणि त्यावर २,४०० एवढंच करपात्र मूल्य, ड्रायव्हर असेल तर ९०० वेगळे. चालवण्याचा खर्च कंपनीने दिला तरी तेवढंच. ईव्हीला इंजिनच नाही, तेव्हा कुठला आकडा धरायचा ते ऑडिटरकडून लिहून घ्या. आणि लॉगबुक ठेवा.

---

इलेक्ट्रॉन_पाटील | २:५५

पण हा फायदा जुन्या कररचनेतच ना?

---

सीए_होता_होता | २:५८

नाही. ही वजावट नाहीये, गाडीच्या सुविधेचं मूल्य मोजायची पद्धत आहे. नव्या रचनेतही चालते.

---

नोटीस_पिरियड | ३:२०

अजून एक कुणी विचारलं नाही. मध्येच नोकरी सोडली तर? माझ्या आधीच्या कंपनीत लीजवरची ईव्ही होती. राजीनामा दिला तर उरलेल्या लीजचा बोजा माझ्याच अंगावर. पेट्रोल गाडी असती तर बाजारात विकून बरेचसे पैसे निघाले असते. ईव्हीला जुन्या बाजारात काय भाव येईल ते लीजिंगवाल्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने आकडा फुगवून ठेवलेला. चाकणमध्ये लोक दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, आणि तुम्ही चार वर्षांची सही मागताय.

---

मानसी_एचआर | ३:३४

आमच्या करारातही कर्मचाऱ्यानेच भरायचं आहे. फॉर्म मागे घेतला त्याने हेच कारण दिलं होतं, पण तेच कलम पेट्रोल गाड्यांनाही आहे.

---

नोटीस_पिरियड | ३:४१

कलम तेच, आकडा तोच नाही. दोन्हीची कोटेशन शेजारी ठेवून बघा.

---

भोसरीचा_तात्या | ४:०२

आमच्याकडे सोडून जाणाऱ्याची गाडी कंपनी स्वतःकडे ठेवते आणि उरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्याला कमी भाड्यात देते. म्हणजे जुन्या ईव्हीचा साठा घरातच तयार होतो. गाडी कुणी चालवली, कुठे ठोकली, सगळं माहीत. बाहेरून आणलेल्या तीन वर्षं जुन्या गाडीपेक्षा ज्युनियर पोरांना ही बरी वाटते. बाहेरचीच घ्यायची तर बॅटरीची क्षमता किती उरलीय त्याचा लेखी रिपोर्ट गाडीगणिक मागा. तीन वर्षांत रोज फास्ट चार्जिंगवर मारलेली गाडी आणि घरी सावकाश चार्ज केलेली गाडी यांचं ओडोमीटर सारखं असू शकतं.

---

इलेक्ट्रॉन_पाटील | ४:१५

बॅटरीची एवढी भीती नको. माझ्या गाडीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे, तीन वर्षं जुनी असली तरी पाच उरतात. आता तर काही कंपन्या आजीवन देतात.

---

सीए_होता_होता | ४:२२

आजीवन म्हणजे पहिल्या मालकाला. लीजच्या गाडीचा पहिला मालक कोण, लीजिंग कंपनी की चालवणारा? आणि मुदतीनंतर गाडी कर्मचाऱ्याने विकत घेतली की काय उरतं? हे उत्पादकाकडून लेखी घ्या, विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

मुदतीनंतर विकत घेण्यात अजून एक गोम आहे. जानेवारी २०२५ पासून जुन्या ईव्हीच्या विक्रीतल्या मार्जिनवरही १८ टक्के जीएसटी आहे, नव्या गाडीला मात्र ५. लीजिंगवाला आयकरात ईव्हीवर वर्षाला ४० टक्के घसारा लावतो. १६ लाखांची गाडी तीन वर्षांत पुस्तकात साडेतीन लाखांच्या आसपास येते. तुम्हाला आठ लाखांना दिली की मार्जिन साडेचार लाख, कर ८० हजारांच्या वर. तो कुणी भरायचा हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

---

हायब्रिडवाला | ५:१०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हायब्रिड घ्या ना.

---

इलेक्ट्रॉन_पाटील | ५:११

आला.

---

मानसी_एचआर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४७

अकाउंट्सशी भांडून झालं. घरच्या चार्जिंगचं बिल अॅपच्या उताऱ्यावर घ्यायला तयार आहेत, ऑडिटरचं पत्र आलं तर. पेट्रोलचे वाचणारे सगळे पैसे मिळणार नाहीत, पण त्यातले ४,००० ईव्हीच्या भाड्याच्या मर्यादेत वाढवून मागतेय. म्हणजे त्याच ग्रेडच्या माणसाला जरा मोठी गाडी बसेल. सोडून जाणाऱ्याची गाडी कंपनीने ठेवायची ही तात्यांची कल्पना फायनान्सला पचलेली नाही. पहिलं वर्ष झाल्यावर निम्मा भार कंपनीचा, इतपत सोमवारी मांडणार आहे.

लीजिंगवाल्यांकडे जुन्या गाड्यांचे बॅटरी रिपोर्ट मागितले. सात गाड्यांपैकी तिघांचेच आले. बाकीच्यांचं विचारलं तर म्हणे "मॅडम, गाडी एकदम टकाटक आहे".

---

भोसरीचा_तात्या | ७:०५

त्या चार सोडा. आणि बंद पडलेला चार्जर सोमवारच्या आत चालू करून घ्या, डायरेक्टर तिथूनच आत येतात.

---

वायरमन_दादा | ७:१२

कुठल्या कंपनीचा आहे चार्जर? लाल दिवा लुकलुकतोय का सलग आहे? बहुतेक अर्थिंगच असणार.