आयोडीन दुप्पट केलं, तरी वेग तेवढाच?

प्रश्न: ॲसिटोन-आयोडीनच्या प्रयोगात (आम्ल उत्प्रेरक) आयोडीनची संहती (द्रावणातलं प्रमाण) दुप्पट केली, तरी अभिक्रियेचा वेग हलत नाही. समीकरणात तर आयोडीनचा एक रेणू आहे!

उत्तर १: समीकरणातले सहगुणक वेग नियमात (वेग आणि संहती यांचं सूत्र) घात म्हणून कधीच उचलू नका, घात प्रयोगातूनच ठरतात. इथे वेग ठरवणारी संथ पायरी म्हणजे आम्लामुळे ॲसिटोनचं इनॉल (ॲसिटोनचंच दुसरं रूप) होणं. इनॉल झालं रे झालं की आयोडीन लगेच त्याच्याशी जोडलं जातं. म्हणून वेग = के × [ॲसिटोन] × [हायड्रोजन आयन], आयोडीनची ऑर्डर (वेग नियमातला घात) शून्य. इथे के म्हणजे वेग स्थिरांक, चौकटी कंस म्हणजे संहती.

उत्तर २: हे प्रयोगात मोजायचं तर ॲसिटोन आणि आम्ल भरपूर, आयोडीन अगदी कमी ठेवा. अभिक्रियेतून स्वतःच आम्ल तयार होतं. मुळात आम्ल कमी असेल तर वेग वाढत जातो आणि आयोडीन-वेळ आलेख वाकतो. ठरावीक वेळाने १० मिली मिश्रण काढून सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाका, त्याने आम्ल संपून अभिक्रिया थांबते; फसफस थांबली की थायोसल्फेटने टायट्रेट करा, म्हणजे ब्युरेटमधून ते थेंबथेंब घालून उरलेलं आयोडीन मोजा. बायकार्बोनेट घालायचं राहिलं तर ब्युरेट चालू असतानाही आयोडीन संपत राहतं.

प्रश्नकर्ता: मग आलेखाचा उतार म्हणजेच के ना?

उत्तर २: नाही. आयोडीनची संहती विरुद्ध वेळ काढलेल्या रेषेचा उतार, ऋण चिन्ह सोडून, म्हणजे वेग. त्याला ॲसिटोन आणि हायड्रोजन आयन या दोन्ही संहतींच्या गुणाकाराने भागा, तेव्हा के मिळेल. एकक: लिटर प्रति मोल प्रति सेकंद.