आवाज आधी, चित्र मागाहून

अनेकांना वाटतं की ॲनिमेशनपटाला आवाज देणं सोपं, हलत्या ओठांवर वाक्यं बसवली की झालं. अहो, ते डबिंग! (आणि तेही सोपं नाहीच.) मूळ चित्रपटात बहुतेक वेळा उलटा कारभार असतो. आवाज आधी, चित्र मागाहून. जपानमध्ये मात्र सहसा चित्र आधी.

आवाज आधी म्हणजे नटासमोर फार तर कच्ची रेखाटनं. समोरचं पात्रही बऱ्याचदा नसतंच, त्याची वाक्यं कुणीतरी कोरडेपणाने वाचून दाखवतो आणि त्यावर आपण जीव तोडून भांडायचं. रेकॉर्डिंग करताना नटाचं चित्रीकरणही अनेकदा करून ठेवतात, त्यातली भुवई, हातवारे ॲनिमेटर उचलतात. १९९२ च्या 'अलादिन'मध्ये नट रॉबिन विल्यम्सने दिव्यातल्या जिनीची कितीतरी वाक्यं ऐनवेळी रचली आणि ॲनिमेटर एरिक गोल्डबर्गने त्या आवाजावरून जिनी चितारला. तिथे नट नुसता 'आवाज' होता असं कसं म्हणणार?

खरी कसोटी मला शब्दांपेक्षा बिनशब्दांच्या जागी वाटते. धाप लागणं, जिना चढताना कण्हणं, घास गिळणं, दगड उचलताना निघणारा 'हं'. हे सगळं जागेवर उभं राहून, माईकपासूनचं अंतर न बदलता करायचं. किंकाळ्या शक्यतो सत्राच्या शेवटी ठेवतात, कारण एकदा घसा बसला की त्या दिवशीचं काम संपलं. सळसळणारे कपडे चालत नाहीत. तोंड कोरडं पडून चटचट आवाज यायला लागला तर आंबट सफरचंदाचा तुकडा चावतात. आणि रिकामं पोट गुरगुरलं तर माईक तेही इमानेइतबारे टिपतो!