मंडळीत देवाची समक्षता पुन्हा जाणवली का? पुणेकरांचा अनुभव धागा

जय ख्रिस्त!

उपवासकाळात आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत बायबलमधलं यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक घेतलं होतं. दहाव्या-अकराव्या अध्यायात परमेश्वराचं तेज यरुशलेमचं मंदिर सोडून जातं, तेही रेंगाळत. आधी उंबरठ्याशी, मग पूर्वेच्या दाराशी, मग शहराबाहेरच्या डोंगरावर. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळलं तेव्हा ते आत नव्हतंच. इमारत मागाहून पडली. पुढे त्रेचाळिसाव्या अध्यायात त्याच पूर्वेच्या दाराने ते परत येतं. वाचून झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "आपल्या चर्चमधून गेलं तर आपल्याला कळेल का हो?" बायबलमधल्या बलवान शमशोनाला परमेश्वर सोडून गेल्याचं कळलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही, तेवढ्यात चहा आला.

म्हणून हा धागा. देव आपल्या मंडळीतून निघून गेलाय असं कधी वाटलं? परत यावा म्हणून काय केलंत, आणि आला का? सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, पेंटेकोस्टल, घरगुती संगती, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. मंडळीचं आणि पाळकांचं नाव मात्र नको, नाहीतर धागा कमिटीच्या मीटिंगमध्ये पोचायचा.

कोंढव्याहून, निवृत्त शिक्षक

आमची मंडळी जुनी, भांडणही जुनं. कमिटीच्या निवडणुकीवरून प्रकरण कोर्टात गेलं. मधल्या वाटेच्या डावीकडे एक पॅनल, उजवीकडे दुसरं. पाळकसाहेब "एकमेकांना शांती द्या" म्हणायचे आणि लोक आपल्याच बाकावर हात मिळवून खाली बसायचे. संदेश चांगला, गाणी चांगली, वेदीवर फुलं ताजी. पण घरी आल्यावर बायको म्हणायची, "आज नुसती मीटिंग झाली."

मग महिला मंडळातल्या काही मावश्या उपासनेच्या तासभर आधी येऊन व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, बसू लागल्या. हातात काय, तर निवडणुकीची मतदारयादी! तीच, जिच्यावर दोन्ही पॅनलनी हरकती घेतल्या होत्या. पेन्सिलने खूण करत एकेक नाव घेऊन प्रार्थना. अनुक्रमांकाने, इकडचं-तिकडचं न बघता. आधी चेष्टा झाली. मग एका सभासदाने जिन्यात गाठून हळूच विचारलं म्हणे, "मावशी, माझं नाव झालं का?"

पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाच्या वेळी आमचे खजिनदार उठले, ते वेदीकडे न जाता पलीकडच्या बाकापाशी गेले. तिथे त्यांचा सख्खा मेहुणा बसतो. दोघं काय बोलले ते कुणाला ऐकू गेलं नाही. पाळकसाहेब भाकरीची थाळी हातात धरून थांबले. मग दुसरा एक उठला, मग एक बाई. ऑर्गन थांबला तरी कुणी जागेवर जाईना. प्रभू त्या दिवशी तिथे होता, याबद्दल मला शंका नाही.

केस मिटलेली नाही. तारखा पडतातच. पण हल्ली दोन्हीकडचे एकाच रिक्षाने कोर्टात जातात.

वाकडहून, वर्शिप टीममध्ये गिटार वाजवतो

अशा चर्चेत शेवटी सगळं ड्रम्सवर येतं, म्हणून आधीच लिहितो. मला प्रभू ड्रम्सच्या आवाजातच भेटला. आजोबांच्या चर्चमध्ये 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून पेंगणारे लोक मी लहानपणी भरपूर पाहिलेत. आणि ना. वा. टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन, कीर्तन चर्चमध्ये आणलं, तेव्हा तेही नवंच होतं की.

आमचा घोटाळा वेगळा होता. स्टेजसमोर पडद्यावर उलटं चालणारं घड्याळ असतं. गाणी, घोषणा, दशांश, संदेश, सगळं मिनिटांत बसवलेलं, कारण हॉल भाड्याचा आणि पुढे दुसरी बॅच. पवित्र आत्म्याला यायचं असेल तर त्याने कितव्या मिनिटाला यावं? आम्ही पास्टरना म्हणालो, दुसऱ्या गाण्यानंतर काही वाजवायचं नाही, बोलायचं नाही, घड्याळ बंद. सुरुवातीचे रविवार भयंकर गेले. लोक मोबाइल काढायचे, पोरं रडायची. कुणीतरी साउंडवाल्याला खूण करायचं, माइक गेला का? नंतर कधीतरी मागच्या रांगेतल्या एक बाई हुंदके देत प्रभूची प्रार्थना म्हणू लागल्या, मराठीत. आमची सर्व्हिस हिंदी-इंग्रजी. सगळा हॉल त्यांच्या मागून म्हणाला, ज्यांना येत नव्हती तेही. एक संदेश त्या दिवशी अर्धा राहिला. पास्टर अजून कुरकुरतात.

हडपसरहून

माझी पणजी दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली मुलगी. त्यामुळे तिथल्या संजीवनाच्या, म्हणजे आत्मिक जागृतीच्या, गोष्टी घरातच ऐकल्या. वेल्समध्ये 1904मध्ये जागृती झाल्याची बातमी आली आणि पंडिता रमाबाईंनी 1905च्या सुरुवातीला खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं. जूनअखेर संजीवन सुरू झालं. एका मुलीवर आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, हे मिशनरी मिनी अब्राम्सबाईंनी लिहून ठेवलंय.

आता तिथे गाड्या भरून लोक जातात. फोटो काढतात, चर्चच्या दगडाला हात लावून प्रार्थना करतात, 'तोच अग्नी पुन्हा दे'. जावं, माझी ना नाही. पण आमच्या घरात आगीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त सांगितली जायची. मुली रडत एकमेकींकडे जाऊन चोरलेलं, लपवलेलं, खोटं बोललेलं सांगत होत्या. स्वयंपाक राहिला, शाळा राहिली. हा भाग संजीवन सभेच्या पोस्टरवर कधीच नसतो. आमच्या संगतीत एकदा मी तो वाचून दाखवला, तर पुढच्या आठवड्यात माणसं कमी आली. जी आली ती मात्र अजून येतात.

वडगाव शेरीहून

कॅथलिक आहे, म्हणून प्रश्नच जरा खटकला. आमच्याकडे परमप्रसाद, म्हणजे पवित्र भाकरीच्या रूपातला प्रभू, वेदीजवळच्या मंजूषेत (पेटीत) असतो, बाजूला लाल दिवा तेवत असतो. प्रभू गेला असं आम्ही म्हणत नाही. 2020च्या टाळेबंदीत मोबाइलवर मिस्सा (आमची उपासना) बघताना मात्र घशाला कोरड पडायची. चर्च उघडल्यावर आधी जाऊन नुसती बसले.

गुरुवार पेठेतून

इथल्या पवित्र नाम देवालय या चर्चच्या घंटा घरात ऐकू येतात. माझी मंडळी ती नव्हे, दुसरी. तिथे माझ्या मुलीच्या लग्नावरून जे बोललं गेलं त्यानंतर मी पाय ठेवलेला नाही. वरचे अनुभव वाचले, चांगले आहेत. माझ्याकडे परत आलेलं काही नाही. उपवास केले, पुण्यातल्या झाडून सगळ्या सभांना बसलो, डोक्यावर हात ठेवून घेतले. बायबल रोज वाचतो, सवयीने म्हणा. स्तोत्रांतली तक्रारीचीच जास्त.

कोंढव्याच्या सरांना एक विचारायचं आहे. त्या मावश्यांच्या यादीत मंडळी सोडून गेलेल्यांची नावं होती, की कमी केली होती?

कोंढव्याहून, पुन्हा

होती. वर्गणी थकलेल्यांची वेगळी पुरवणी यादी असते, मावश्यांनी तीही मागून घेतली होती.