मदत हवी आहे: हिरड्यांच्या ट्रीटमेंटनंतर आईला खायला काय देऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही भुसावळचे. आईच्या हिरड्यांत पू झाला होता, परवा डॉक्टरांनी डीप क्लीनिंग केलं. मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि ०.२ टक्केवाला क्लोरहेक्सिडीन माउथवॉश सांगितलाय, ते चालूये. शुगर पण आहे तिला म्हणून जास्तच काळजी वाटते. तिला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी अन ठेच्याशिवाय घास उतरत नाही आणि आता तिखट, कडक सगळं बंद, मऊ खिचडी दिली की दोन घास खाऊन ताट सरकवते. त्यात मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावायची सवय! डबी लपवली तर शेजारून मागून आणते, तंबाखूने हिरड्या लवकर भरत नाहीत हे किती सांगू? कोणाच्या घरी मिश्री सुटली असेल तर कशी सोडवली, आणि शुगरवाल्याला चालेल असं मऊ पण चवीचं काय देता, प्लीज सांगा.