ट्रसबाईंना आणलं कुणी?

आडवाट:
2016 ते 2024 या आठ वर्षांत ब्रिटनने सहा पंतप्रधान पाहिले. कॅमरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर. आपल्याकडे याची चेष्टाच जास्त होते. लिझ ट्रस आधी जातात की लेट्यूसचा गड्डा आधी सडतो, हे बघायला एका टॅब्लॉइडने गड्ड्यावर कॅमेरा लावला होता. गड्डा जिंकला.

मला हेवा वाटतो. नेता डोईजड झाला की त्याचेच खासदार त्याला घरी बसवतात. सलग तीन निवडणुका जिंकलेल्या थॅचरबाईंनाही 1990 मध्ये सोडलं नाही. 80 जागांचं बहुमत आणणाऱ्या जॉन्सनना अडीच वर्षांत नारळ दिला.

घोळ होतो तो निवडताना. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षात 1998 पासून शेवटच्या दोघांतला नेता वर्गणी भरणारे सभासद ठरवतात. 2022 मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक 137, ट्रस 113. सभासदांनी मात्र 57 टक्के मतं ट्रसबाईंना दिली आणि 49 दिवसांत खेळ आटोपला. माझं म्हणणं एवढंच: काढायचा हक्क ज्यांचा, नेमायचाही त्यांचाच असावा. रोज सभागृहात मागच्या बाकावर बसणाऱ्याला नेत्याचं पाणी कळतं.

खवचट काका:
हे म्हणजे सून निवडायची तर सासूनेच! अहो, तेही करून झालंय. 1963 मध्ये डग्लस-होम यांना मतदान न घेताच, पक्षातल्या काही बड्यांनी कानोसा घेऊन आणलं. त्याची इतकी छीथू झाली की 1965 पासून खासदारांना मत द्यावं लागलं. आणि 2016 मध्ये मेबाई सभासदांपर्यंत न जाताच नेत्या झाल्या, कारण समोरच्या उमेदवार लेडसम यांनी माघार घेतली. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत बाईंनी हातचं बहुमत घालवलं. उलट कॅमरन सभासदांनीच निवडलेले. हिशोब काही जुळत नाही तुमचा.

आडवाट:
मेबाईंचा मुद्दा मान्य. पण मजूर (लेबर) पक्षाकडे बघा. 2015 मध्ये काही खासदारांनी 'चर्चा तरी होऊ दे' म्हणून कॉर्बिनना अनुमोदन दिलं, सभासदांनी त्यांना थेट नेताच केलं. पुढच्या वर्षी पक्षाच्याच खासदारांचा त्यांच्यावरचा अविश्वास ठराव 172 विरुद्ध 40 ने मंजूर. कॉर्बिन जागचे हलले नाहीत आणि सभासदांनी त्यांना पुन्हा निवडलं. स्वतःच्या 172 खासदारांना नको असलेला माणूस विरोधी पक्षनेता! असा पक्ष कसा चालायचा?

तिरपागडी:
चालला की. 2017 च्या निवडणुकीत त्याच कॉर्बिनच्या पक्षाला 40 टक्के मतं मिळाली. आता गंमत बघा. 2019 मध्ये ते दणकून हरले तेव्हा मजूर पक्षाची मतं 1 कोटी 2 लाखांच्या पुढे होती. 2024 मध्ये स्टार्मर 411 जागा घेऊन आले, मतं साधारण 97 लाख. म्हणजे हरणाऱ्याला जास्त, जिंकणाऱ्याला कमी. फाराज यांच्या रिफॉर्म पक्षाला 14 टक्के मतं आणि 5 जागा, लिबरल डेमोक्रॅटना 12 टक्के आणि 72 जागा. नेता कुणी निवडला यावर कसले वाद घालताय, देशाचं मतच जागांमध्ये नीट उतरत नाही. ज्याच्यामागे मतदारांचा तिसरा हिस्सा, त्याचे खासदार पहिल्या वादळात डगमगणारच.

खवचट काका:
ही पद्धत बदलायची का, हे 2011 मध्ये जनमत घेऊन विचारलं होतं. 68 टक्के नाही म्हणाले. आता भोगा.

तिरपागडी:
त्या वेळी समोर ठेवलेला पर्याय प्रमाणशीर नव्हताच, नुसता पसंतीक्रमाचा होता. शिळी भाकरी नाकारली म्हणजे भूक नाही असं होत नाही, काका.

लीड्सकर:
लांबून हेवा वाटणं सोपं आहे. 23 सप्टेंबर 2022 ला ट्रसबाईंचे अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसा कुठून येणार ते सांगितलंच नाही. सरकारी रोखे कोसळले, पेन्शन फंड वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं. आमच्या मॉर्गेजचं फिक्स, म्हणजे ठरलेल्या व्याजदराची मुदत, त्याच हिवाळ्यात संपत होतं. हातात आलेली ऑफर सावकाराने मागे घेतली, नवीन मिळाली ती सहा टक्क्यांच्या आसपास. आडवाट म्हणतात ती 'घरी बसवायची ताकद' खरी, पण तोवर आमचं घर गहाण. सुनक आल्यावर आमच्या ऑफिसात कुणीतरी पेढे वाटले. मी खाल्ला, हप्ता तेवढाच राहिला.

आडवाट:
लीड्सकर, तुमच्यापुढे काय बोलणार. पण खासदारांना काढता आलं नसतं तर तीच बाई आणखी दोन वर्षं राहिली असती. 6 जून 2022 ला 148 हुजूर खासदारांनी पक्षातल्या मतदानात जॉन्सनविरुद्ध मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी निवांत कामावर गेले. त्याच महिन्यात आपले आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला होते. पक्षांतरबंदीमुळे आपल्याकडे नेत्याविरुद्ध बोलायचं तर पक्षच फोडावा लागतो.

खवचट काका:
चुकताय. पक्षांतरबंदी सभागृहातल्या व्हिपला लागते, पक्षाच्या आतल्या मतदानाला नाही. तिकडे हुजूर पक्षात 2022 मध्ये पंधरा टक्के खासदारांनी पत्रं दिली की मतदान घ्यावंच लागायचं, तेही गुप्त. इकडे असं पत्र द्यायचं कुणाकडे? नेत्याकडेच!

लीड्सकर:
पेढ्यांचं राहिलंच. वाटणारा गृहस्थ मजूर पक्षाचा सभासद होता.