मदत हवी आहे: वहीचं पान उलटलं की राहिलेलं काम विसरलं जातं

नमस्कार मंडळी,

गेले ८ महिने घरचं आणि ऑफिसचं सगळं मी एकाच कागदी वहीत लिहिते आहे. त्याआधी मोबाइलवरची दोन-तीन ॲप वापरून झाली. तिथे आठवण वाजायची, हात आपोआप ती बाजूला सारायचा आणि काम तिथल्या तिथेच राहायचं. हाताने लिहिलेलं मात्र माझ्या डोक्यात टिकतं. त्यामुळे वही सोडायची नाही, हे पक्कं आहे.

ए५ आकाराची, ठिपक्यांच्या कागदाची वही आहे. रोज सकाळी तारीख टाकते आणि खाली कामं लिहिते. खुणा बुलेट जर्नलच्या घेतल्या आहेत: कामापुढे ठिपका, काम झालं की त्याच ठिपक्यावर फुली, भेटीगाठींना पोकळ गोल, नुसत्या नोंदीला आडवी रेघ. रायडर कॅरल या अमेरिकन डिझायनरने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांसमोर मांडली, ती मुळात अशीच साधी आहे. रंगीत पेनं आणि चित्रं नंतर लोकांनी जोडली. मला ती नकोच आहेत.

आता अडचण. मागच्या महिन्यात बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी घ्यायची होती. एका मंगळवारी मी ‘डॉक्टरांना फोन, बाबांची चिठ्ठी’ असं लिहिलं. त्या दिवशीची ११ कामं होती, त्यातल्या ९ वर फुल्या पडल्या. पान भरलं, उलटलं. गोळ्यांची पट्टी संपली तेव्हा मागे जाऊन शोधलं, तर ७ पानं मागे, अगदी तळाशी, कुणाच्या तरी फोन नंबरला चिकटून तो ठिपका तसाच उघडा होता. बाबा दोन दिवस गोळीविना राहिले. सुदैवाने त्रास काही झाला नाही, पण मला ते अजून लागून राहिलं आहे.

त्यानंतर रोज रात्री राहिलेली सगळी कामं दुसऱ्या दिवसावर उतरवायला लागले. दोन आठवडे जमलं. मग लक्षात आलं की ‘कपाट आवरणे’ मी १४ वेळा लिहिलंय, आणि जुन्या कामांच्या रांगेत आजचं काम दिसेनासं झालंय.

राहिलेलं काम तुम्ही कधी उतरवता, रोज की आठवड्याने? आणि चार महिन्यांनी करायचं काम आज सुचलं तर ते लिहायचं कुठे? खिडकीची मापं, कुणाचा पत्ता अशी माहिती रोजच्या पानांत हरवते, तिचंही सांगा. वर्षभर तरी वही चालवलेल्यांनी लिहिलंत तर फार उपयोग होईल.

प्रतिसाद

मी ६ वर्षं वही वापरतोय. तुमच्या पहिल्या प्रश्नाला कात्री पुरेल. पान मिटलं की त्याचा खालचा बाहेरचा कोपरा तिरका कापायचा. मिटलं म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंवर एकही उघडा ठिपका नाही: प्रत्येकावर फुली, किंवा पुढे नेल्याचा बाण, किंवा सोडून दिल्याची रेघ. सुरुवातीपासूनचे कोपरे कापलेले असले की अंगठा आपोआप पहिल्या न कापलेल्या पानावर थांबतो. मधलं एखादं पान राहिलं असेल तर त्याचा कोपरा बाहेर आलेला दिसतो. ते ७ पानं मागचं पान असं लपलं नसतं.

उतरवणं रोज करू नका. मी रविवारी सकाळी करतो, अर्ध्या तासात होतं. हाताने पुन्हा लिहायचा कंटाळा येतो ना, तो कामी येतो. जे पुन्हा लिहावंसंच वाटत नाही, त्यातलं बरंचसं करायची गरजच नसते. तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर मी थांबतो, कारण बहुतेक वेळा ते काम चुकीचं लिहिलेलं असतं. ‘कपाट आवरणे’ याला हात कुठून घालणार? ‘वरच्या कप्प्यातले जुने कागद काढणे’ असं लिहून बघा.

प्रतिसाद

कोपऱ्याची युक्ती छान आहे, आजपासून मीही करणार. पण औषधांच्या बाबतीत रविवारपर्यंत थांबणं मला पटत नाही. वही वाजत नाही. ज्या कामाला उशीर झाला तर कुणाच्या तब्येतीवर बेतेल, त्याला वहीसोबत मोबाइलचा गजरही लावावा. अशी कामं मोजकीच असतात, म्हणून तो गजर बाजूला सारला जात नाही. आणि पट्टी संपायच्या तारखेवर लिहू नका, ८ दिवस आधीच्या तारखेवर लिहा.

लांबच्या कामांसाठी वहीची शेवटची ६ पृष्ठं राखून ठेवा. प्रत्येक पृष्ठाच्या मधोमध एक रेघ मारली की १२ महिने बसतात. चार महिन्यांनंतरचं काम थेट त्या महिन्यात टाकायचं आणि महिना लागला की पुढे आणायचं. माहितीसाठी सगळ्या पानांना नंबर द्या आणि पहिली दोन पृष्ठं अनुक्रमणिकेला ठेवा. ‘खिडकीची मापं – ४३’ एवढंच लिहायचं. रोजच्या कामांची नोंद तिथे करू नका, नाहीतर अनुक्रमणिकाच वहीएवढी होईल.

रात्री पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणं मात्र सोडू नका. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ जणांवर प्रयोग झाला होता, तो २०१८ मध्ये छापून आला. झोपण्याआधी पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं आधी झोप लागली. जितकं नेमकं लिहिलं तितकी लवकर. माझा अनुभव तसाच आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री कात्री घेऊन बसले. ३८ पानांचे कोपरे कापले गेले, ४ पानं अडली. एका पानावर आईच्या चष्म्याची दुरुस्ती होती, ती मी पार विसरले होते. आज सकाळी चष्मा देऊन आले. बाबांच्या गोळ्यांचा गजर लावला आहे आणि वहीतही ८ दिवस आधीच्या तारखेवर लिहिलं आहे.

मागची ६ पृष्ठं आखताना एक अडचण दिसली. या वहीची जेमतेम २० पानं उरली आहेत, म्हणजे १२ महिन्यांचा तक्ता महिनाभरातच नव्या वहीत पुन्हा लिहावा लागेल. तुम्ही हा तक्ता दर वहीत नव्याने आखता, की वेगळ्या कागदावर करून एका वहीतून दुसरीत सरकवता?